स्टील 'किल' करतात म्हणजे नक्की काय करतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात भट्टीपासून रोलिंगपर्यंतचा स्टीलचा प्रवास लिहिला होता. त्यात एका ओळीत 'किल्ड स्टील' (म्हणजे गोठायच्या आधी आत विरघळलेला ऑक्सिजन बांधून टाकलेलं स्टील) असा शब्द येऊन गेला आणि त्या एका शब्दावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः बरीच वर्षं मेल्टिंग शॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं कठीण जातं. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: सर, मी मेटलर्जी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गोष्ट डोक्यात बसत नाही. कन्व्हर्टरमध्ये (स्टील बनवायच्या भट्टीत) आपणच ऑक्सिजन फुंकतो आणि मग लॅडलमध्ये (वितळलेलं स्टील धरायच्या मोठ्या भांड्यात) तोच काढायला ॲल्युमिनियम टाकतो. आधीच कमी फुंकला तर काय बिघडतं?

उत्तर: बरोबर जागी बोट ठेवलंस. हा प्रश्न ज्याला पडला त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

कमी फुंकून चालत नाही, कारण ऑक्सिजन आपण फुंकतो तो कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस जाळायला. ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या धातूत कार्बन ४ टक्क्यांच्या वर असतो आणि पातळ पत्र्यासाठी तो ०.०५ टक्क्यापर्यंत खाली आणायचा असतो. सुरुवातीला ऑक्सिजनला जाळायला कार्बन हवा तेवढा मिळतो, तेव्हा तो स्टीलमध्ये फारसा राहत नाही. पण शेवटी शेवटी कार्बनच संपत येतो, मग ऑक्सिजन करणार काय, तो सरळ वितळलेल्या स्टीलमध्ये विरघळायला लागतो. १६०० अंश सेल्सिअसला कार्बनचे टक्के आणि ऑक्सिजनचे टक्के यांचा गुणाकार साधारण ०.००२५ च्या जवळपास राहतो हे पाठ करून ठेव. म्हणजे कार्बन ०.०५ वर आणला की ऑक्सिजन कमीत कमी ०.०५ टक्के, म्हणजेच ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग), आणि प्रत्यक्ष भट्टीत त्याहून जास्तच सापडतो. कार्बन कमी हवा असेल तर ऑक्सिजन वाढणारच, दोन्ही एकदम कमी करता येत नाहीत, निदान साध्या हवेच्या दाबाखाली तरी नाही.

बरं, विरघळलेला आहे तोपर्यंत तो काहीच त्रास देत नाही. त्रास सुरू होतो स्टील गोठायला लागलं की. १६०० अंशाला वितळलेल्या लोखंडात ०.२ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन मावतो आणि घट्ट झालेल्या लोखंडात टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकाही मावत नाही. मग गोठणाऱ्या थराच्या पुढे तो साचत जातो, तिथेच कार्बनही साचलेला असतो, दोघं भेटले की कार्बन मोनॉक्साइड वायू. किती वायू? १०० टनाच्या हीटमध्ये (भट्टीच्या एका खेपेच्या स्टीलमध्ये) ५०० पीपीएम म्हणजे ५० किलो ऑक्सिजन. तो सगळाच्या सगळा कार्बन मोनॉक्साइड झाला असं धरलं तर १५०० अंशाला त्याचं आकारमान साडेचारशे घनमीटर भरतं आणि ते १०० टन स्टील स्वतः मात्र जेमतेम १४ घनमीटर! आता हा वायू गोठणाऱ्या स्टीलमधून वाट काढणार म्हणजे बुडबुडे, पोकळ्या, ब्लोहोल, सगळंच आलं.

म्हणून गोठायच्या आधीच ऑक्सिजनला असं काहीतरी द्यायचं जे त्याला कार्बनपेक्षा घट्ट धरून ठेवेल आणि वायू न होता ऑक्साइड होईल. मॅंगनीज हे काम थोडंफार करतं, सिलिकॉन त्याहून चांगलं, आणि ॲल्युमिनियम तर एकदम जोरात. हिशोबाने १ किलो ऑक्सिजनला १.१२५ किलो ॲल्युमिनियम लागतं, म्हणजे वरच्या हीटला ५६ किलो, पण प्रत्यक्षात जास्त टाकावं लागतं कारण ॲल्युमिनियम हलकं, वर तरंगतं, थोडं हवेत जळतं, थोडं स्लॅग (वर तरंगणारा ऑक्साइडचा मळीसारखा थर) खातं, आणि शिवाय काम झाल्यावरही स्टीलमध्ये ०.०२ ते ०.०५ टक्के शिल्लक राहायला हवं असतं.

'किल' हा शब्द कुठून आला ते साच्याजवळ उभं राहिलं की कळतं. ऑक्सिजन न काढलेलं स्टील साच्यात ओतलं की कडेने खदखदत राहतं, ठिणग्या उडत राहतात, किती तरी मिनिटं थांबत नाही. तेच ॲल्युमिनियम घातलेलं स्टील शेजारच्या साच्यात निपचित पडतं. वर एक साय धरल्यासारखा थर येतो आणि मध्यभाग हळूहळू खाली बसायला लागतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन्ही साचे एकाच हीटचे होते, फरक फक्त साच्यात टाकलेल्या ॲल्युमिनियमचा, आणि मला ते अजून डोळ्यासमोर दिसतं.

प्रश्न: पुस्तकात रिम्ड, कॅप्ड, सेमी-किल्ड, किल्ड असे चार प्रकार दिलेत. हल्ली रिम्ड स्टील कुणी बनवतं का, की फक्त परीक्षेपुरतं?

उत्तर: आता फारच क्वचित. पण परीक्षेपुरतं म्हणून सोडून देऊ नका, त्यात खरी कारागिरी होती.

रिम्ड स्टीलमध्ये ऑक्सिजन मुद्दाम ठेवायचे. साच्याच्या भिंतीलगत आधी गोठणारा थर त्या खदखदण्यामुळे सतत धुतला जायचा, सगळी घाण म्हणजे कार्बन, गंधक, फॉस्फरस मधल्या पातळ भागात ढकलली जायची, आणि बाहेर जवळजवळ शुद्ध लोखंडाची रिम तयार व्हायची. इनगॉट (साच्यात गोठलेला स्टीलचा ठोकळा) आडवा कापून ॲसिडने एच केला, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊ दिला, की ती रिम नुसत्या डोळ्यांनी दिसते, बाहेर स्वच्छ उजळ पट्टा आणि आत काळपट गाभा. अशा इनगॉटचा पत्रा काढला की पृष्ठभाग इतका सुंदर यायचा की डब्यांचा पत्रा, गाड्यांचे बाहेरचे पॅनेल, खिळ्यांची तार यासाठी कित्येक वर्षं तोच वापरला गेला. आतले बुडबुडे? ते आतून स्वच्छ असल्यामुळे रोलिंगमध्ये दाबून जोडले जायचे. फक्त कातडीच्या अगदी जवळचे असतील तर तापवताना उघडे पडून ऑक्सिडाइझ व्हायचे आणि मग पत्र्यावर पापुद्रे. अर्थात कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांच्या आत असेल तरच ही खदखद नीट होते. कॅप्ड म्हणजे हीच खदखद थोडा वेळ चालू देऊन वर झाकण ठोकून थांबवायची.

सेमी-किल्ड म्हणजे ऑक्सिजन अर्धामुर्धा काढायचा. किल्ड इनगॉट गोठताना आकसतो आणि माथ्यावर खोल खड्डा पडतो, त्याला पाइप म्हणतात, तो भाग कापून टाकावा लागतो म्हणजे माल वाया. सेमी-किल्डमध्ये थोडे बुडबुडे ठेवले की ते आकसणं भरून काढतात आणि जास्त माल हाती येतो. म्हणून स्ट्रक्चरल सेक्शन, साध्या प्लेट, जिथे आतल्या एकसारखेपणाचा फार आग्रह नाही तिथे हे चालायचं. क्रॅंकशाफ्ट, गिअर, प्रेशर व्हेसल, मिश्रधातू स्टील यांना मात्र पहिल्यापासून किल्डच.

मग कंटिन्युअस कास्टिंग आलं आणि चित्रच बदललं. पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या साच्यातून स्टील सलग खाली ओढलं जातं, बाहेर पातळ कातडी आणि आत अजून वितळलेलं. त्यात खदखद झाली तर ती कातडी फुटते आणि वितळलेलं स्टील बाहेर, ब्रेकआउट म्हणतात त्याला, आणि तो बघायची वेळ कुणावर येऊ नये. त्यामुळे कंटिन्युअस कास्टिंगला स्टील किल केलेलंच लागतं. आज बाजारातलं जवळपास सगळं स्टील किल्ड असतं ते या कारणाने. त्यामुळे 'किल्ड आहे का' हा प्रश्न आता अपुरा पडतो, कशाने किल केलंय आणि त्यानंतर काय केलंय हे विचारायला हवं. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न तिथेच येऊन पोचतात.

प्रश्न: आमच्याकडे प्रेस शॉप आहे. पत्र्याचा एक लॉट आला तेव्हा पार्ट छान निघत होते. त्याच लॉटचा उरलेला पत्रा पाच-सहा महिन्यांनी काढला तर पार्टवर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा यायला लागल्या, पेंटनंतरही दिसतात. डाय तीच, ऑपरेटर तोच. पत्रा कसा काय बिघडला?

उत्तर: पत्रा 'पिकला'. त्याला स्ट्रेन एजिंग म्हणतात आणि या रेघांना स्ट्रेचर स्ट्रेन किंवा ल्यूडर्स बॅंड. तुमच्या डायचा यात काही दोष नाही.

होतं असं की स्टीलमध्ये नायट्रोजन विरघळलेला असतो, थोडासाच, ३० ते ६० पीपीएम, पण तो लहान अणू असल्याने खोलीच्या तापमानालाही हळूहळू सरकत राहतो आणि डिस्लोकेशनच्या, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतल्या दोषरेषांच्या, भोवती जाऊन बसतो. मग पत्रा ताणताना सगळीकडून एकसारखा ताणला न जाता आधी एका पट्ट्यात सुटतो, मग दुसऱ्या, त्याच त्या रेघा. मिलमधून निघताना पत्र्याला साधारण १ टक्क्याचा हलका स्किन पास (रोलमधून हलकंसं दाबणं) दिलेला असतो, त्याने हे तात्पुरतं दबतं, म्हणून तुमचे सुरुवातीचे पार्ट चांगले आले. पाच-सहा महिन्यांत त्याचा परिणाम संपला.

ॲल्युमिनियमने नीट किल केलेल्या पत्र्यात हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे ॲल्युमिनियम दोन कामं करतं. आधी ऑक्सिजन पकडतं, आणि जे शिल्लक राहतं ते ॲनिलिंगच्या (पत्रा मऊ करायला तापवण्याच्या) वेळी नायट्रोजनला पकडून ॲल्युमिनियम नायट्राइड करून टाकतं. मोकळा नायट्रोजनच उरला नाही तर सरकणार कोण? आणखी एक फायदा म्हणजे बॉक्स ॲनिलिंगमध्ये हळूहळू तापताना हे नायट्राइड अशा पद्धतीने बाहेर पडतात की स्टीलचे दाणे (स्फटिक) पत्र्याच्या पातळीत चपटे आणि डीप ड्रॉइंगला सोयीच्या दिशेत वाढतात, म्हणजे खोल कप काढताना पत्रा पातळ होऊन फाटत नाही. त्यामुळे तुमच्या लॉटचं सर्टिफिकेट काढून ॲल्युमिनियमचा आकडा बघा. तो ०.०१ च्या खाली असेल तर तिथेच उत्तर आहे. हातात असलेला माल वाचवायचा असेल तर पुन्हा स्किन पास किंवा रोलर लेव्हलरमधून काढून लगेच वापरून टाका, ठेवू नका. पुढच्या ऑर्डरला 'नॉन-एजिंग, ॲल्युमिनियम किल्ड' असं स्पष्ट लिहा.

प्रश्न: दोन मिलची सर्टिफिकेट समोर आहेत. एकात सिलिकॉन ०.०२, ॲल्युमिनियम ०.०३५. दुसऱ्यात सिलिकॉन ०.२१, ॲल्युमिनियम ०.००४. ग्रेड आणि स्ट्रेंग्थ सारखीच. कुठलं घेऊ? काम झाल्यावर गॅल्व्हनायझिंगला जाणार आहे.

उत्तर: पहिलं ॲल्युमिनियम किल्ड आहे, दुसरं सिलिकॉन किल्ड. गॅल्व्हनायझिंगसाठी दोन्ही चालतील, आणि पातळ चमकदार कोटिंग हवं असेल तर पहिलं घ्या.

पण एक आकडा लक्षात ठेवा. सिलिकॉन ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या मधे सापडला तर सावध व्हा. या पट्ट्यात ४५० अंशाच्या झिंक बाथमध्ये लोखंड आणि झिंकची रिॲक्शन भलतीच वेगाने होते, कोटिंग जाड, करडं, खरखरीत येतं आणि ठोकलं तर सुटू शकतं. याला सॅंडेलिन इफेक्ट म्हणतात. ०.१४ ते ०.२५ मध्ये ही रिॲक्शन पुन्हा आटोक्यात असते, त्याच्या पुढे परत वाढते. गॅल्व्हनायझरवर ओरडण्याआधी स्टीलचं सर्टिफिकेट बघावं असं मी म्हणतो ते यासाठी, बिचाऱ्याच्या बाथमध्ये काहीच चुकलेलं नसतं आणि चूक झालेली असते लॅडलमध्ये सिलिकॉन टाकताना.

युरोपियन सर्टिफिकेट असेल तर त्यात एफएन किंवा एफएफ असंही दिसेल. एफएन म्हणजे रिमिंग स्टील चालणार नाही, एफएफ म्हणजे पूर्ण किल्ड आणि नायट्रोजन बांधून ठेवणारं काहीतरी, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम, त्यात पुरेसं आहे.

प्रश्न: सीओटू वेल्डिंग करतो. बीडवर तपकिरी काचेसारखे ठिपके येतात, चिपिंग हॅमरने टकटक केलं की उडतात. हा दोष आहे का? आणि गंजक्या जुन्या प्लेटवर पोरॉसिटी जास्त का येते?

उत्तर: ते ठिपके म्हणजे तुमच्या वेल्डमध्ये झालेल्या डिऑक्सिडेशनचा (ऑक्सिजन काढण्याचा) पुरावा आहे. आर्कमध्ये कार्बन डायऑक्साइड फुटून ऑक्सिजन देतो, तो वितळलेल्या वेल्डमध्ये शिरतो. म्हणून वायरमध्येच मॅंगनीज आणि सिलिकॉन भरलेलं असतं. ईआर७०एस-६ वायरमध्ये मॅंगनीज १.४० ते १.८५ आणि सिलिकॉन ०.८० ते १.१५ टक्के, साध्या स्टीलच्या मानाने किती जास्त आहे बघा. ते दोघं ऑक्सिजन पकडून मॅंगनीज सिलिकेट होतात, हे वितळलेल्या अवस्थेत तरंगत वर येतं आणि गार झालं की तपकिरी काच. पेंटच्या आधी काढून टाका, नाहीतर पेंट त्याच्यासकट निघतो. आणि मल्टिपास असेल तर प्रत्येक पासनंतर काढा.

गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनच, वर त्यात पाणी. वायरमधला सिलिकॉन त्यालाच पुरा पडत नाही. जुनी प्लेट रिम्ड किंवा सेमी-किल्ड असेल तर तिच्या स्वतःच्या पोटातलाही ऑक्सिजन वर येतो आणि वेल्ड उकळल्यासारखं होतं. ग्राइंड करून स्वच्छ करा, आणि तरी येत असेल तर ॲल्युमिनियम, टायटॅनियम, झिर्कोनियम असलेली ईआर७०एस-२ वायर वापरून बघा, ती अशाच कामासाठी आहे.

प्रश्न: मी वायर ड्रॉइंगमध्ये आहे. टायर कॉर्डच्या रॉडच्या स्पेसिफिकेशनमध्ये ॲल्युमिनियम जवळजवळ शून्य मागतात. ॲल्युमिनियम जर सगळ्यात जबरदस्त डिऑक्सिडायझर आहे तर ते नको का म्हणतात? आणि बेअरिंग स्टीलमध्ये मग कसं चालतं?

उत्तर: या पत्राची मी वाटच बघत होतो. डिऑक्सिडेशन म्हटलं की लोक फक्त 'ऑक्सिजन गेला' एवढंच बघतात. तो कुठे गेला हे कोण बघणार?

ॲल्युमिनियम टाकलं की विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत ५०० पीपीएमवरून ५ पीपीएमच्या आसपास येतो. ऑक्सिजन मोजायची प्रोब बुडवली की काही सेकंदांत आकडा दिसतो आणि सगळे खूश. पण ऑक्सिजन स्टीलमधून बाहेर गेलेला नसतो, तो ॲल्युमिनाचे कण होऊन तिथेच लटकत असतो. आता तो वर तरंगून स्लॅगमध्ये जायला हवा, आणि तरंगायचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर असतो. स्टोक्सच्या सूत्रात आकडे घालून बघा. ०.१ मिलिमीटरचा कण सेकंदाला पावणेतीन मिलिमीटर वर चढतो, म्हणजे २ मीटर खोल लॅडल बारा मिनिटांत पार. त्याच्या दहावा हिस्सा आकाराचा कण घेतला तर त्याला तेच २ मीटर चढायला जवळपास वीस तास लागतात. वीस तास लॅडल कोण धरून ठेवणार! म्हणून खालून सच्छिद्र प्लगमधून आर्गॉन सोडतात. बुडबुडे बारीक कणांना एकमेकांवर आपटवून त्यांचे गुच्छ करतात आणि सोबत वर नेतात. पण हळुवार सोडायचा. जोरात सोडला की वरचा स्लॅग बाजूला सरतो, उघडं स्टील हवा खातं आणि काढलेला ऑक्सिजन परत आत. आमच्याकडे जुने हेल्पर सांगायचे की वर नुसती थरथर दिसली पाहिजे, डोळा उघडा पडता कामा नये. पुढे कितीही सेन्सर आले तरी मला तेच वाक्य उपयोगी पडलं.

आता तुमची तार. साडेपाच मिलिमीटरच्या रॉडपासून ०.२ मिलिमीटरची तार काढायची म्हणजे १ मीटर रॉडची साडेसातशे मीटर तार. ॲल्युमिना २००० अंशाच्या पुढे वितळणारा, कडक, रोलिंगमध्ये अजिबात न ताणला जाणारा कण. ०.०२ मिलिमीटरचा एक दाणा त्या तारेत राहिला तर तो तारेच्या जाडीचा दहावा भाग झाला, आणि तिथे तार तुटली. त्यापेक्षा सिलिकॉन आणि मॅंगनीजने किल केलेलं बरं. त्यात ऑक्सिजन थोडा जास्त राहतो पण ऑक्साइड काचेसारखे, कमी तापमानाला मऊ होणारे असतात, रोलिंगमध्ये ताणले जातात, तुटून इतके बारीक होतात की तारेला त्यांचं काही वाटत नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या तारेलाही हेच लागू. पण यासाठी फेरो-सिलिकॉनमधून चोरपावलांनी येणारं ॲल्युमिनियम आणि लॅडलच्या विटासुद्धा बघाव्या लागतात, तुमची तार एकाच जागी वारंवार तुटत असेल तर तुटलेलं टोक मायक्रोस्कोपखाली घालायला सांगा आणि मिलला फोटो पाठवा.

बेअरिंगचं गणित उलटं आहे. तिथे तार काढायची नाही, तर कोट्यवधी वेळा दाब सोसायचा आहे. तिथे ॲल्युमिनियम वापरतात पण मग कण बाहेर काढायला जीव तोडून मेहनत घेतात. व्हॅक्यूममध्ये फिरवतात, स्लॅग नीट बसवतात, ओतताना कुठेही हवा लागू देत नाहीत, आणि एकूण ऑक्सिजन, म्हणजे विरघळलेला अधिक कणांतला, १० पीपीएमच्या खाली, चांगल्या ठिकाणी ५ च्या आसपास आणतात. एकच मोठा कण रेसच्या (बेअरिंगच्या कड्याच्या) पृष्ठभागाखाली राहिला तर भेग तिथूनच सुरू होते. व्हॅक्यूमचा एक गुण मला फार आवडतो: दाब कमी केला की मघाचा कार्बन-ऑक्सिजनचा गुणाकारही खाली येतो, मग कार्बन स्वतःच ऑक्सिजन घेऊन वायूच्या रूपात निघून जातो, मागे एक कणही ठेवत नाही.

प्रश्न: कॅल्शियम वायर कशासाठी मारतात?

उत्तर: मुख्यतः नोझल (ज्यातून स्टील साच्यात उतरतं ती नळी) चोक होऊ नये म्हणून. ॲल्युमिनाचे कण नोझलच्या आत भिंतीला चिकटत जातात आणि भोक बारीक होत जातं. एका रात्रपाळीला माझी एक हीट अशी अडकली होती. स्टॉपर (नोझल उघडझाप करणारा दांडा) पूर्ण वर उचललेला, तरी साच्यात पातळी उतरत चाललेली, ऑपरेटर माझ्याकडे बघतोय आणि माझ्या हातात काहीही नाही. शेवटी लॅडलमध्ये निम्म्याच्या वर स्टील असताना कास्टिंग बंद करावं लागलं. सकाळी नोझल फोडून बघितलं तर आत पांढरट, खडूसारखा थर, मधे बोट जाईल एवढंच भोक. वायर त्या हीटला मारली होती पण स्पीड चुकला होता, फार वरच वितळली होती.

कॅल्शियम १४८४ अंशाला उकळतं, म्हणजे १६०० अंशाच्या स्टीलमध्ये नुसतं टाकलं तर लगेच वाफ. म्हणून पोलादी आवरणाच्या वायरमध्ये भरून वेगाने खोल नेतात, खाली वरच्या स्टीलचा दाब असतो. तिथे ते ॲल्युमिनाला कॅल्शियम ॲल्युमिनेट करतं, जे कास्टिंगच्या तापमानाला द्रव असतं, चिकटत नाही, गोल थेंब होऊन वाहून जातं. मशिनिंगवाल्यांनाही फायदा, कारण ॲल्युमिनाचे कण टूलची धार खातात. पण गंधक जास्त असताना कॅल्शियम मारलं तर कॅल्शियम सल्फाइड होऊन नोझल परत चोक, आणि बेअरिंग स्टीलमध्ये तर हे मोठे गोल थेंब नकोच असतात, म्हणून तिथे कॅल्शियम टाळतात.

प्रश्न: थंडीत स्टील ठिसूळ होतं असं वाचलं. डिऑक्सिडेशनचा त्याच्याशी काही संबंध?

उत्तर: सरळ संबंध आहे. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत शेनेक्टडी नावाचं नवंकोरं टॅंकर जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना मोठ्ठा आवाज होऊन मधोमध तडकलं. त्या काळातल्या बऱ्याच वेल्डेड जहाजांना अशा भेगा गेल्या. वेल्डिंगमधले दोष होतेच, कोपऱ्यांवर ताण साचत होता, पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या कामातून हेही स्पष्ट झालं की ते स्टीलच एका ठराविक तापमानाखाली चिवटपणा सोडून देत होतं आणि ते तापमान समुद्राच्या थंड पाण्याच्या फार जवळ होतं. नंतर जाड प्लेटसाठी किल्ड, बारीक दाण्याच्या स्टीलचा आग्रह वाढला. बारीक दाणा इथे महत्त्वाचा: ॲल्युमिनियम नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण तापवताना दाण्यांच्या सीमा अडवून धरतात, दाणे वाढू देत नाहीत, आणि दाणा बारीक तितकं ठिसूळ व्हायचं तापमान खाली. स्ट्रेंग्थ आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढवणारी दुसरी सोपी युक्ती स्टीलमध्ये नाही. थंड जागेत वापरायची प्लेट घेताना म्हणूनच चार्पी टेस्टचा (धक्क्याने तुकडा तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा मागा, आणि कुठल्या तापमानाला केली तेही.

प्रश्न: आमची छोटी फाउंड्री आहे, स्टील कास्टिंग करतो. बुडबुडे येत नाहीत म्हणून ॲल्युमिनियम अगदी थोडंसं टाकतो, बचत होते. पण टेस्ट बारचं एलाँगेशन (तुटेपर्यंत किती ताणला जातो ते) कधी कधी अचानक पडतं. कास्टिंग दिसायला एकदम स्वच्छ असतं.

उत्तर: हे 'थोडंसं' टाकणंच तुम्हाला नडतंय. ॲल्युमिनियम न टाकता फक्त सिलिकॉन-मॅंगनीजने किल केलं तर मॅंगनीज सल्फाइड (मॅंगनीज आणि स्टीलमधलं गंधक मिळून होणारे कण) गोल गोळ्यांसारखे बनतात, ते फारसे त्रास देत नाहीत. ॲल्युमिनियम भरपूर असेल तर ते कोपरे असलेले, सुटे सुटे बनतात, तेही चालतं. पण मधल्या अर्धवट डोसला सल्फाइड अगदी शेवटी, दाण्यांच्या सीमांवर माळेसारखे गोठतात, आणि खेचलं की स्टील त्या माळेवरून फाटतं. यांना टाइप टू सल्फाइड म्हणतात आणि ॲल्युमिनियममध्ये केलेली बचत यांच्यामुळे दुप्पट होऊन अंगावर येते. बाहेरून काही दिसत नाही म्हणून कास्टिंग तुम्हाला स्वच्छ वाटतं.

शिल्लक ॲल्युमिनियम ०.०३ ते ०.०५ टक्के राहील इतकं टाका, आणि ते वर न फेकता रॉडला बांधून खोल बुडवा. पण याच्याही पुढे जाऊ नका, विशेषतः जाड कास्टिंगमध्ये. तिथे गार व्हायला वेळ लागतो, नायट्रोजन जास्त असेल तर ॲल्युमिनियम नायट्राइड दाण्यांच्या सीमांवर पसरतो आणि तुटलेला भाग मोठमोठ्या चकचकीत खड्यांसारखा दिसतो, रॉक कॅंडी फ्रॅक्चर म्हणतात. आणि एवढं करूनही बारीक पिनहोल आले तर ॲल्युमिनियम वाढवायच्या आधी ओली लॅडल, ओली वाळू, गंजका स्क्रॅप बघा, तो हायड्रोजन असू शकतो आणि त्याला ॲल्युमिनियम काहीच करत नाही.

ज्या हीटचं एलाँगेशन पडलं तिचा तुटलेला टेस्ट बार टाकून दिला नसेल तर त्याच्याजवळचा एक तुकडा कापून पॉलिश करा आणि एच न करता १०० पट मोठा करून बघा. करड्या ठिपक्यांची रांग सीमांवरून जाताना दिसली की समजा हेच कारण आहे. फोटो पाठवलात तर मी नक्की बघेन.